पाळीच्या दिवसांत मियाँ-बीवी : मनाई कशाची आहे आणि कशाची नाही

लग्नाला जेमतेम दोन महिने झालेली एक माजी विद्यार्थिनी मागे आम्हाला भेटायला आली. पाळी आली की सासूबाई तिची गादी स्वयंपाकघरात टाकायला लावतात. शौहर त्या दिवसांत नीट बोलतही नाही, गुनाह होईल या भीतीने. "आपा, मी एवढी नापाक होते का?" हे विचारताना तिला रडू आवरेना. शाळेत मुलींना आम्ही पाळीची माहिती देतो, पण लग्नानंतरच्या या प्रश्नावर घरात कोणी बोलत नाही. म्हणून इथे स्पष्टच लिहितो.

सूरह अल-बकराच्या 222 व्या आयतीत हैजला 'अजा' म्हणजे त्रासाची अवस्था म्हटलं आहे आणि पाक होईपर्यंत हमबिस्तरीपासून दूर राहायला सांगितलं आहे. ही आयत कोणत्या प्रसंगी उतरली ते हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये येतं. मदिनेतले यहुदी अशा बायकांसोबत जेवत नसत, एका घरात राहत नसत. सहाबांनी याबद्दल विचारलं, आयत उतरली, आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी संभोग सोडून बाकी सगळ्याला मोकळीक दिली. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत आयशा (रजि.) यांना हैज असताना प्रेषित (सल्ल.) त्यांच्या मांडीवर डोकं टेकून कुरआन पठण करत, त्यांनी भांड्याला जिथे ओठ लावले तिथूनच पाणी पीत. हजरत उम्मे सलमा (रजि.) पाळी आली म्हणून अंथरुणातून उठल्या, तेव्हा त्यांना परत त्याच चादरीत बोलावून घेतलं. म्हणजे वेगळी गादी, वेगळं ताट, अबोला हे दीनमधून आलेलं नाही. 'बाजूला बसण्या'ची आजूबाजूची रीत आपल्या घरांत कधी शिरली, ते आपल्यालाच कळलं नाही.

मग जवळीक कुठपर्यंत? मिठी, चुंबन, एकत्र झोपणं, नाभीच्या वरचा आणि गुडघ्याच्या खालचा स्पर्श याला सगळ्या मजहबांत परवानगी आहे. नाभी ते गुडघा या भागात हनफी आणि शाफई मजहबांच्या प्रचलित मतानुसार मध्ये कपडा हवा. हंबली मजहबात, आणि हनफींपैकी इमाम मुहम्मद यांच्या मते, फक्त संभोग टाळायचा. शाफई असूनही इमाम नववी यांना पुराव्याच्या दृष्टीने हेच मत भक्कम वाटलं होतं. व्यवहारात पॅड, जाडसर अंतर्वस्त्र आणि वर सलवार असली की दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. अंथरुणावर एक गडद टॉवेल टाकला की डागांची धास्ती जाते. पहिल्या-दुसऱ्या दिवशी कंबर आणि ओटीपोट दुखतं, स्तन हुळहुळे होतात. तेव्हा शौहरने आधी विचारावं. कधी तिला गरम पाण्याची पिशवी आणि कंबरेवर हलका हात एवढंच हवं असतं, कधी तेही नको असतं. तिने नको म्हटलं की थांबायचं.

डॉक्टरी बाजू सांगताना आम्हाला एक खटकतं. हैजमध्ये संभोग केल्याने कोड फुटतो, मूल अपंग जन्मतं, असं काही वायजांत सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही. दीनची मनाई आपल्यासाठी पुरेशी आहे, तिला खोट्या भीतीचं ठिगळ कशाला? खरा धोका वेगळा आहे : एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारखे आजार रक्तातून पसरतात. दोघांपैकी कोणाला असा संसर्ग असेल तर पाळी असो वा नसो, कंडोम आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच. हिपॅटायटिस बीची लस उपलब्ध आहे. योनीच्या आत साबण किंवा डेटॉल कधीही घालू नये. बाहेरून साधं पाणी पुरतं.

पाळी संपली कधी म्हणायची, यावर घरोघरी वाद होतात. हनफी मजहबात हैज कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 10 दिवस, शाफईमध्ये कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त 15 दिवस. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, देशावरचे आणि मराठवाड्यातले हनफी. समजा रत्नागिरीची मुलगी औरंगाबादला दिली. तिची सवय 6 दिवसांची, पण एखाद्या महिन्यात रक्त 13 दिवस चाललं. माहेरच्या हिशोबाने ते सगळे दिवस हैजचे. सासरच्या हिशोबाने 6 दिवस हैज आणि बाकी इस्तिहाजा, म्हणजे आजारपणाचं रक्त, ज्यात नमाजही पढायची आणि हमबिस्तरीलाही मनाई नाही. अशा वेळी तिने आपल्या मजहबाच्या आलिमांना विचारावं, सासूबाईंच्या अंदाजावर जाऊ नये. रक्त थांबल्यावर गुस्ल करूनच जवळ यावं, त्यात सगळ्यांची खात्री राहते. हनफी मजहबात सवयीच्या आधीच रक्त थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू करायची, पण हमबिस्तरीसाठी सवयीचे दिवस पुरे होऊ द्यायचे.

रक्त सात दिवसांहून जास्त चालत असेल, सलग काही तास दर तासाला पॅड भिजत असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर मुफ्तींच्या आधी डॉक्टरीणबाईंकडे जावं.

"पाळीनंतर लगेच दिवस राहत नाहीत" यावरही विसंबू नये. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, आणि चक्र 21-24 दिवसांचं असेल तर अंडं लवकर सुटतं. मूल लांबवायचं असेल तर साधन वापरावं.

बाळंतपणानंतरच्या निफासलाही हेच नियम आहेत. 40 दिवस ही हनफींकडे कमाल मर्यादा आहे, शाफईंकडे ती 60 आहे. रक्त आधी थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू करायची, चाळिशी पुरी व्हायची वाट पाहायची नाही. मात्र डॉक्टर साधारण सहा आठवडे संबंध टाळायला सांगतात, विशेषतः टाके किंवा सिझर असेल तर. चाळिसावा दिवस मोजत बसलेल्या शौहरने आधी टाके दुखतात का ते विचारावं.