दुगाडच्या चढावर, १२ डिसेंबर १७८०

पहाटेचं धुकं इतकं दाट आहे की पुढच्या अरब शिपायाची पाठही तुम्हाला दिसत नाही. त्याच्या बंदुकीच्या तोड्याचं लाल टोक तेवढं दिसतं आणि त्याच्या मागून तुम्ही चढ चढताय. भाताची धसकटं मागे पडली, आता पायाखाली दगड लागतायत. तोंडातून आवाज काढायचा नाही. भिवंडीच्या उत्तरेला चारेक कोसांवरचं हे दुगाड. पलीकडे तानसा नदी आणि वज्रेश्वरीचं देऊळ. चिमाजीअप्पांनी वसईसाठी नवस बोलला आणि १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर तो फेडला, असं या भागात सांगतात. आजही माणसं वसईसाठीच निघाली आहेत.

पुढे कुठेतरी रामचंद्र गणेश कानडे आहेत. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा जम पुन्हा बसवायला १७६९ साली जी फौज गेली, तिचे हे सरदार. त्यांच्याबरोबर पेशव्यांच्या चाकरीतला पोर्तुगीज अंमलदार नरोन्हा आहे. आणि वर टेकडीवर इंग्रजांचा जेम्स हार्टली. दोन वर्षांपूर्वी वडगावला इंग्रज फौजेची कोंडी झाली तेव्हा पिछाडीला राहून लढलेला तो हाच. जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालून बसला आहे आणि घाटावरून येणारी मदत वाटेतच अडवायची, एवढं एकच काम हार्टलीकडे आहे. त्याच्यावर हल्ल्यामागून हल्ले झाले, पण तो हललेला नाही. म्हणून आज धुक्याच्या आडून त्याच्या बगलेची उंच जागा धरायचा बेत आहे.

पण वसई कालच पडली. ९ डिसेंबरला इंग्रजांनी तटापासून पाचशे यार्डांवर तोफा आणल्या आणि ११ तारखेला किल्ला शरण आला. तुमच्या शेजारी धापा टाकत चढणाऱ्या माणसाकडे बघून तर ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. त्याच्या दंडाला धरून थांबवावंसं वाटतं. तुम्हाला ते करता येत नाही.

ही माणसं इथे का चढतायत, याचं उत्तर खाडीपलीकडे मुंबईत आहे. कंपनीची मुंबई म्हणजे एक बेट. पिकाऊ जमीन थोडी, महसूल तुटपुंजा, खर्चाला बंगालकडे हात पसरायचा. धान्य समोरच्या साष्टीतून यायचं आणि साष्टी मराठ्यांची. गुजरातचा कापूस चीनला नेऊन विकायचा, तर किनारा निर्धास्त हवा. लंडनच्या संचालकांचा साष्टी आणि वसईवर कित्येक वर्षं डोळा होता. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मारला, तेव्हा कारण दिलं की गोव्याहून पोर्तुगीज येताहेत, ते घेण्याआधी आपण घेतलेलं बरं.

याच सुमाराला पुण्यातलं भांडण त्यांच्या दारात चालून आलं. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर गादीला अंतरलेले रघुनाथराव उर्फ दादासाहेब मदत मागत होते. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला आणि फौजेच्या बदल्यात दादासाहेबांनी साष्टी आणि वसई लिहून दिली. समुद्रावरून आलेल्या सत्तेला जमीन हवी असते तेव्हा ती आधी कोणाची तरी मित्र होते. घरातल्या भांडणात एक बाजू धरली की स्वारीला न्यायाचं रूप येतं. माझ्या मते या सगळ्या युद्धाचं मूळ तिथे आहे, आणि त्यात आपल्या माणसांचा वाटा इंग्रजांपेक्षा कमी नाही.

आणखी एक धागा पार अटलांटिकपलीकडून येतो. याच वर्षांत अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या आहेत. १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज सेनापती शरण गेला, पुढच्या फेब्रुवारीत फ्रान्सनं अमेरिकेशी हात मिळवला. आणि त्याच १७७७ मध्ये सेंट ल्यूबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणिसांच्या दरबारी येऊन बसला. मुंबईकर इंग्रजांना आयतं निमित्त मिळालं: पुणं फ्रेंचांच्या हाती जातंय! अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचा निखारा असा दुगाडच्या चढापर्यंत येऊन पोचला.

एकाएकी उजेड होतो. कोणी पडदा ओढावा तसं धुकं सरतं आणि तुम्ही उघड्यावर उभे असता. वर रात्रीतून रचलेला दगडांचा आडोसा आहे, त्यातून तोफेचं तोंड डोकावतंय. हार्टलीनं हा बेत आधीच ओळखला होता. पहिला बार होतो. तुमच्या पुढचा अरब बसल्यासारखा खाली जातो. कानांत घूं असा एकच आवाज भरून राहतो. रामचंद्र गणेश पडले, असं कोणीतरी ओरडतं. नरोन्हा जखमी झाला, असं दुसरा. मग रांगा मोडतात.

पळताना एकदा मागे वळून बघा. लाल डगल्यातले जे शिपाई बंदुका भरतायत, त्यांतले बहुतेक चेहरे इथलेच आहेत. कंपनीची पलटण म्हणजे इंग्रज अंमलदार आणि देशी शिपाई. कंपनीचा पगार ठरल्या दिवशी मिळतो, आपल्याकडच्या पथकांचा महिनोन्महिने थकतो. टेकडीवरच्या माणसाला तुम्ही दोष देऊ शकाल? मला तो देता येत नाही.

दुगाडनं युद्ध संपलं नाही. गॉडर्ड चढून बोरघाटापर्यंत गेला, पण १७८१ च्या एप्रिलमध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याला पनवेलपर्यंत झोडपत आणलं. १७८२ मध्ये सालबाईला तह झाला. वसई परत मिळाली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ज्यांच्या नावानं हे सगळं घडलं, त्या दादासाहेबांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि पुढच्याच वर्षी कोपरगावला त्यांचा शेवट झाला. सालबाईनंतर वीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ ला, त्यांच्या मुलानं, दुसऱ्या बाजीरावानं, त्याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला होता. तिकडे गेलेलं राज्य इकडे भरून काढण्याचं काम जोरात चालू होतं.

आता दुगाडच्या त्या सकाळपासून ११७ वर्षं पुढे चला. मे १८९८, स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समधली मनिलाची खाडी. ज्या वसाहतींनी इंग्लंडचं जोखड फेकलं, त्यांचंच आरमार इथे आलंय आणि १ मेच्या सकाळी कमोडोर ड्यूईनं स्पेनची जहाजं बुडवली आहेत. कारणं तुमच्या ओळखीची आहेत: चीनचा बाजार, जहाजांना कोळसा भरायला बंदर, आपण नाही घेतलं तर जर्मन घेतील ही भीती. मित्रही आहे. फिलिपिनो बंडाचा नेता एमिलिओ आगिनाल्दो याला हाँगकाँगहून अमेरिकी जहाजानंच परत आणलंय. पण रघुनाथरावांना गादी हवी होती, आगिनाल्दोला देशाचं स्वातंत्र्य हवं आहे. म्हणून त्याची फसवणूक मला जास्त बोचते.

ऑगस्टमध्ये स्पॅनिश आणि अमेरिकी अधिकारी आपसांत ठरवून एक लुटुपुटूची लढाई करतात आणि मनिला अमेरिकेच्या हाती जातं. फिलिपिनो फौजेला शहराबाहेरच ठेवलं जातं. १० डिसेंबरला पॅरिसला तह होतो. स्पेनला दोन कोटी डॉलर मिळतात, अमेरिकेला सगळा द्वीपसमूह. त्या मेजावर फिलिपिनो माणसाला जागा नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये दोन मित्रांत युद्ध पेटतं. तीन वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराईनं दोन लाखांवर सामान्य माणसं गेली, असा अंदाज आहे. दुगाडसारखे चढ तिथेही होते, आणि आपल्याच माणसांवर बंदूक रोखणारे पगारी मकाबेबे शिपाईसुद्धा. १९०१ मध्ये आगिनाल्दोला पकडून देण्यात त्यांचाच हात होता.

फिलिपिन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झाला. सुबिकचं बंदर मात्र अमेरिकी आरमारानं सोडलं ते नोव्हेंबर १९९२ मध्ये.