माळढोक आणि माळरान (शालेय शिक्षणातील स्थान)

माळढोक (आर्डिओटिस नायग्रिसेप्स) : उघड्या गवताळ माळावर राहणारा, जमिनीवरच अंडे घालणारा मोठा पक्षी. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते. हा पक्षी अतिसंकटग्रस्त असून उरलेल्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळ त्याच्यासाठी प्रसिद्ध. येथील अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून विषय रुळला, पण वन्यजीव म्हणजे जंगल आणि संवर्धन म्हणजे वृक्षारोपण, हे समीकरण मुलांच्या मनात पक्के बसले. माळढोकाच्या बाबतीत ते घातक ठरते. या पक्ष्याला दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागते. नराचे प्रणयप्रदर्शनही उघड्यावरच चालते. माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे दाट लावली की त्याचा अधिवास संपतो. शिवाय महसुली नोंदींत असे माळ बहुधा पडीक ठरतात, म्हणून तेथे काही नष्ट होते आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून संकटग्रस्त प्राण्याचा पाठ प्राण्याच्या चित्रापासून नव्हे, त्याच्या जमिनीपासून सुरू व्हायला हवा. दुष्काळी भागातल्या मुलांना झाडे लावू नका असे कसे सांगायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण शाळेचे आवार, रस्त्याची कड आणि शेताचा बांध झाडांसाठी मोकळेच आहेत, प्रश्न फक्त माळाचा आहे. पक्षीच दिसत नाही तर दाखवायचे काय, असेही विचारले जाते. त्याच माळावर चंडोल, धाविक, काळवीट, खोकड आणि लांडगा आहेत, आणि माळ टिकला तरच तेही टिकतील.

अभयारण्याची मूळ हद्द ८,४९६ चौ. किमी. होती; पुढे ती १,२२२ चौ. किमी. करण्यात आली. निर्बंधांबाबत स्थानिकांचे मतभेद आहेत. वर्गात बसलेल्या मुलांच्याच घरची जनावरे या माळावर चरतात, त्यामुळे ही बाजू पाठातून वगळणे योग्य नाही.

विजेच्या तारा : माळढोकाच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड शरीर चटकन वळत नाही. हा भाग विज्ञानाच्या तासाला शिकवता येतो.