तीन दरवाज्यावरचा हुकूम

अहमदाबादला जाऊन आलो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काय काय खाल्लं?" आणि दुसरा, "खरेदी काय केली?" मंडळी, दोन्हींची उत्तरं आहेत, पण ती फोनवर. आज लिहायचंय ते कोटाच्या आतल्या जुन्या शहराबद्दल, आणि त्यातही एका पाटीबद्दल.

शहर वसवलं सुलतान अहमदशहाने, १४११ साली, साबरमतीच्या पूर्व काठावर. तटबंदी पुढे त्याच्या नातवाने, महमूद बेगड्याने बांधली. बेगडा म्हटल्यावर आपल्याला त्याच्या खादाडपणाच्या गोष्टी आठवतात, पण या माणसाने जवळजवळ दहा किलोमीटरचा कोट आणि बारा दरवाजे उभे केले. भिंत विसाव्या शतकात बहुतेक सगळी पाडली गेली. दरवाजे राहिलेत. ज्याला अडवायचं ती भिंतच नाही, त्यामुळे ते रस्त्याच्या मधोमध नुसते उभे असतात आणि रिक्षा दोन्ही बाजूंनी जातात.

तरी 'कोटाच्या आत' हा शब्द शिल्लक आहे, आणि आत शिरलं की कळतं का. पोळा अजून पोळाच आहेत. पोळ म्हणजे साधारण आपल्या वाड्यांची एक गल्ली, पण तोंडाला दरवाजा असलेली. लाकडी कोरीव खांब, घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आणि चौकात उंच खांबावर चबुतरा, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकायची जागा. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालतो. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. भारतातलं असं हे पहिलंच शहर.

जामा मशीद १४२४ ची. आत दोनशे साठ खांब आहेत, आणि त्यांच्यात उभं राहिल्यावर आपण मशिदीत आहोत की एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात, असा प्रश्न पडतो. कारागीर इथलेच, हातवळण इथलंच. मिनार मात्र १८१९ च्या भूकंपात कोसळले. शेजारीच राणीनो हजीरो, म्हणजे सुलतानाच्या राण्यांच्या कबरी. त्यांच्याभोवती बाजार इतका दाटलाय की कबरी शोधाव्या लागतात. नवरात्राआधी चणियाचोळी आणि दागिने घ्यायला मुली तिथेच येतात. सिदी सैयदची जाळी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, म्हणून तिच्याबद्दल लिहीत नाही. एवढंच, की प्रत्यक्षात ती फोटोपेक्षा फार चांगली आहे.

आता तीन दरवाजा. हा कोटाच्या बारांपैकी नव्हे. अहमदशहाने भद्र किल्ल्यासमोरच्या मैदानात बांधलेली ही तीन कमानींची वेस. एका बाजूच्या कोनाड्यात दिवा असतो. गोष्ट अशी सांगतात: एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली. पहारेकरी कोतवालाने तिला ओळखलं आणि विनवलं, बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांब. मग त्याने जीवच दिला, म्हणजे तो परत यायला नको आणि लक्ष्मी जायला नको. तिच्यासाठी लावलेला हा दिवा पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान घराणं तेवत ठेवतं. गोष्ट खरी की खोटी हा वाद मला घालायचा नाही. तेल रोज घातलं जातं, हे खरं आहे.

याच दरवाज्यावर ती पाटी आहे. आसपास ओढण्या, पर्सा, चपला यांचा बाजार, त्यामुळे लक्ष सहसा जात नाही. अक्षरं देवनागरी, साल १८१२, हुकूम मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा. मतलब असा: बापाच्या मालमत्तेतला मुलीचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा. न मानणारा हिंदू असेल तर महादेवाला जबाब देईल, मुसलमान असेल तर अल्लाला नाहीतर रसूलला. आज याला 'समान हक्काचं फर्मान' म्हणतात. मला वाटतं सुभेदाराचा भर 'विनाअडथळा' या गोष्टीवर होता. वाटा आहे हे त्याने गृहीत धरलंय, त्याला राग आहे तो अडवणाऱ्यांचा!

हे वाचून छाती फुगवायच्या आधी बाकीचा हिशेबही मांडायला हवा. मराठ्यांनी हे शहर १७५३ मध्ये घेतलं, गमावलं, १७५८ मध्ये परत घेतलं. वसुली वाटून घेतलेली, काही पेशव्यांची, काही गायकवाडांची. एका शहराला दोन धनी, आणि दोघांचं लक्ष तिजोरीकडे. शहराची या काळात रयाच गेली. दोन सरकारांचे शिपाई गावात फिरत असताना पोळेला रात्री बंद होणारा दरवाजा असणं ही हौस नव्हती, गरज होती. पेशव्यांचा वाटा १८०० पासून गायकवाडांकडे इजाऱ्याने होता. त्याच्या नूतनीकरणाच्या तंट्यातच गंगाधरशास्त्री पुण्याला गेले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले. शाळेत आपण खून शिकतो, त्र्यंबकजी डेंगळे शिकतो, पण भांडणातली एक मोठी बाब अहमदाबादची वसुली होती हे कुणी सांगत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत शहरही गेलं आणि पेशवाईही.

भद्रातल्या भद्रकाली मंदिराची स्थापनाही मराठी अमलातली. मोगल सुभेदार आझमखानाच्या सराईतल्या एका दालनात देवी आहे, आणि शहर तिला नगरदेवी मानतं. म्हणजे आपल्या लोकांनी मागे ठेवलेलं जे टिकलं ते हेच: एक देऊळ, रायखडची गायकवाड हवेली, आणि मुलींच्या वाट्याची पाटी. देऊळ गजबजलेलं आहे. पाटीचं काय?

आपल्याकडे मुलींना १९५६ च्या कायद्याने वारसा मिळाला, महाराष्ट्रात १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही मुलग्यांबरोबरीने हिस्सा आला, २००५ मध्ये देशभर. आणि तरी आपल्या ओळखीच्या किती घरांत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात? बळजबरी कुणी करत नाही हो. चहा होतो, भाऊ म्हणतो "एक सही लागतेय", वहिनी साडी देते. माहेर तुटू नये म्हणून सही होते. चिमणाजी रघुनाथाला हा चहा चांगला ठाऊक असावा. नाहीतर दोन्ही धर्मांचे देव एका ओळीत साक्षीला बोलवायची वेळ त्याच्यावर आली नसती.

आमच्याही गावच्या घराचे कागद यंदा निघणार आहेत, दिवाळीत सगळे जमू तेव्हा. आत्या, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. पाटीचा फोटो वेगळा पाठवलाय. सही करायच्या आधी मला एक फोन कर.