खर्रा, मामू आणि प्रतिकारशक्तीचा लगाम

मामूंचं तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तेव्हा कुठे त्यांचा खर्रा सुटला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात ठेवायचा, मोमिनपुऱ्यात तीस वर्षं हेच चाललं. तपासणीत गालाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पण त्याआधी एक ओळखीचा विक्रेता 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' चूर्ण घेऊन घरी आला. म्हणाला, आधी अंगात ताकद येऊ द्या. त्यात अडीच महिने गेले. मी बीएड झालेला माणूस, तरी गप्प बसलो. कारण मलाही तेच खरं वाटत होतं: शरीर कमजोर पडतं म्हणून कर्करोग जिंकतो.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की या समजुतीला धक्का बसून पन्नास वर्षं उलटली आहेत.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड गर्शन यांनी मांडलं की काही टी पेशी लढत नाहीत, उलट लढणाऱ्यांना आवरतात. काही वर्षं या पेशींचा फार बोलबाला झाला. मग त्यांचं जे जनुक असायला हवं होतं ते सांगितलेल्या जागी सापडलंच नाही, आणि १९८० च्या दशकात हा विषय इतका बदनाम झाला की त्याचं नाव काढायला लोक कचरू लागले. जपानचे शिमोन साकागुची मात्र चिकटून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची ओळखखूण दाखवली: पृष्ठभागावरचं सीडी२५ हे प्रथिन. आज त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. त्यांचं काम चांगलंच आहे. त्या नसतील तर आपलीच फौज आपल्याच अवयवांवर तुटून पडते. पण गाठ हीसुद्धा आपल्याच पेशींची, आणि ती याच पेशींच्या आडोशाला वाढते. १९९९ मध्ये साकागुचींच्या गटाने उंदरांमधून या पेशी काढल्या, तर उंदरांच्या शरीराने गाठी नाकारल्या. या कामाचं नोबेल त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, २०२५ मध्ये मिळालं.

त्याच १९९९ मध्ये मुंबईत परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शुभदा चिपळूणकर यांच्या गटाने दाखवलं की माणसाच्या गामा-डेल्टा टी पेशी तोंडाच्या गाठीतल्या पेशी ओळखतात. म्हणजे फौज आंधळी नाही. तिचा लगाम कुणीतरी खेचून धरलाय. (हिशेब सगळीकडे इतका सरळ नाही. डोकं-मानेच्या कर्करोगाच्या काही अभ्यासांत गाठीत नियामक पेशी जास्त असलेले रुग्ण उलट जास्त टिकले.)

लढणाऱ्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा आणखी एक लगाम असतो. तो सैल करणारं निवोलुमॅब हे औषध आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचं. परळच्याच टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं-मानेचा कर्करोग पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवर त्याचा अगदी छोटा डोस तपासला: एरवी दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, इथे तीन आठवड्यांनी फक्त २०. सोबत तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे १६ टक्के हयात होते, इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. माझ्या मते हा आकडा प्रत्येक पानठेल्यावर लावण्याजोगा आहे, शेजारी हेही लिहून की उरलेले ५७ टक्के वर्षही काढू शकले नाहीत.

मामूंसाठी मीही त्या इंजेक्शनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सर, ते ऑपरेशन शक्य नसलेल्यांसाठी होतं. तुमच्या मामूंचं अजून शक्य आहे, पण आता जबडाही काढावा लागेल."

चूर्ण घेण्याआधी नुसता गाल काढायचा होता.

महिनाभर मामू पाटीवर उर्दूत लिहून बोलत. पहिल्या दिवशी मामीजानची खुशाली विचारली. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "चूर्णाचा अर्धा डबा उरलाय, तो कुणाला देऊ नका."