दोन पार्टिशनांची तीस वर्षं

२००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांवर कित्येक संगणक सुरू केले की काळ्या पडद्यावर एक छोटी यादी उमटायची. वर लिनक्स, खाली विंडोज. ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रॅक्टिकल किंवा सी भाषेतली असाइनमेंट असेल तर वरचा पर्याय निवडायचा, आणि रात्री लॅनवर 'काउंटर-स्ट्राइक' रंगणार असेल तर खालचा. हार्ड डिस्कची ही वाटणी तेव्हा इतकी सवयीची होती की ती मुळात का करावी लागते, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. त्या वाटणीला इतिहास आहे. ती कशी पडली आणि कशी बुजत आली हे पाहिलं, तर आज लिनक्सची कुठली डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार असा संच, घ्यावी या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच सापडतं.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस तोरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी ती जीपीएल परवान्याखाली आली, म्हणजे कोड वाचण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सगळ्यांना मिळाली. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन या दोन डिस्ट्रो सुरू झाल्या. दोन्ही आजही चालू आहेत. ही यंत्रणा प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅमरांसाठी उभी केली होती. जीएनयू प्रकल्पाचा कंपायलर हाताशी होताच. खेळही लांब नव्हते: आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलरनं १९९४ मध्येच 'डूम' लिनक्सवर आणला.

मग गाडी अडली कुठे? १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि पाठोपाठ डायरेक्टएक्स. त्याआधी खेळ लिहिणाऱ्याला प्रत्येक साउंड कार्डाशी आणि ग्राफिक्स कार्डाशी स्वतंत्र झटापट करावी लागे. मायक्रोसॉफ्टनं डायरेक्टएक्सच्या रूपानं त्याला एकच दार दिलं. त्यातून कार्ड कुठलंही असलं तरी पोचता यायचं. खेळ बनवणाऱ्यांची मोठीच सोय झाली, पण ते दार फक्त विंडोजच्या घरात उघडत होतं. कार्ड बनवणाऱ्यांनी आपले चांगले ड्रायव्हर विंडोजसाठीच लिहिले, खेळ विंडोजसाठी आले, म्हणून खेळणारे विंडोजवर राहिले आणि खेळणारे तिथे म्हणून पुढचे खेळही तिथेच. हे चक्र तोडायला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली.

पहिला गंभीर प्रयत्न कॅलिफोर्नियात झाला. स्कॉट ड्रेकर यानं १९९८ मध्ये लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. विंडोजवर गाजलेल्या खेळांचे हक्क घ्यायचे, ते लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून दुकानात विकायचे, असा तिचा धंदा होता. 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' हा तिचा पहिला खेळ १९९९ मध्ये आला, मागोमाग 'रेलरोड टायकून २', 'सिमसिटी ३०००', 'क्वेक ३ अरेना'. काम उत्तम होतं, पण विक्री होईना. 'क्वेक ३'च्या बाबतीत तर लोकांनी आधी बाजारात आलेली विंडोजची प्रत घेतली आणि लिनक्सवर चालणाऱ्या फाइली इंटरनेटवरून उतरवून घेतल्या. लोकीचे पत्र्याचे देखणे डबे पडून राहिले. २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जानेवारी २००२ मध्ये तिला टाळं लागलं.

धंदा म्हणून लोकी फसली, तरी या सगळ्या इतिहासात तिच्याइतकी फळलेली कंपनी दुसरी दाखवता येणार नाही. तिथला मुख्य प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यानं एसडीएल नावाची लायब्ररी लिहिली होती. खिडकी उघडणं, कीबोर्ड आणि जॉयस्टिकचं ऐकणं, आवाज काढणं ही खेळाला लागणारी कामं ती कुठल्याही यंत्रणेवर सारख्याच रीतीनं करते. ती खुली असल्यामुळे कंपनी बुडाली तरी लायब्ररी बुडाली नाही. पुढे लँटिंगा व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीत गेला आणि आज असंख्य खेळ एसडीएलवर उभे आहेत. बंद कोड असता तर तो कंपनीबरोबर कपाटात गेला असता. खुल्या परवान्याची किंमत फुकटेपणात मोजणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

दुसरा मार्ग त्याहून हट्टी होता. खेळ बदलायचाच नाही. त्याला आपण विंडोजवरच आहोत असं वाटू द्यायचं. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन प्रकल्प हेच करतो. विंडोजचा प्रोग्रॅम फाइल उघड, मेमरी दे, खिडकी काढ असे जे आदेश विंडोजला देतो, ते झेलून लिनक्सच्या भाषेत पार पाडायचे. मायक्रोसॉफ्टचा कोड पाहायला मिळत नव्हता, म्हणून प्रत्येक आदेश नेमका कसा वागतो हे बाहेरून तपासून पुन्हा लिहावं लागलं. अलेक्झांद्र ज्युलियार १९९४ पासून या कामाचं नेतृत्व करत आहेत. १.० ही आवृत्ती आली जून २००८ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. एवढा धीर कुठल्याही भागधारकानं धरला नसता.

या काळात आपल्याकडे लिनक्स पोचलं ते बहुतांशी सीडीवरून. डायल-अपवर पूर्ण डिस्ट्रो उतरवणं अशक्य, त्यामुळे 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडी हातोहात फिरत. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं, आणि त्याच्या सीडी तर मागणी नोंदवली की पोस्टानं फुकट घरी येत. रेड हॅटनं लोहित फॉन्ट खुले केल्यानं देवनागरीही पडद्यावर नीट दिसू लागली. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या संगणकात दुकानदार विंडोजची चोरटी प्रत घालूनच देई, आणि ती जवळजवळ फुकट पडत असल्यानं पैसे वाचवायला कुणी लिनक्सकडे वळत नव्हतं. वळले ते शिकण्यासाठी. म्हणूनच इथे लिनक्स म्हणजे अभ्यास आणि विंडोज म्हणजे मजा, हे समीकरण इतकं घट्ट बसलं.

कलाटणी मिळाली ती भीतीतून. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्ट स्वतःचं अ‍ॅप दुकान आणत होतं. स्टीम हे पीसीवरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या गेब न्यूएलनं विंडोज ८ ही पीसीच्या जगासाठी आपत्ती असल्याचं जाहीरपणे सांगितलं. ज्या जमिनीवर आपलं दुकान आहे तिचा मालकच शेजारी दुकान टाकतोय, हे त्याला दिसलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हनं आकडे प्रसिद्ध केले: एकाच संगणकावर 'लेफ्ट ४ डेड २' विंडोज ७ वर सेकंदाला २७०.६ चित्रं दाखवत होता, तर उबुंटूवर ३१५. लिनक्सवर खेळ मंदच चालणार, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं.

तरीही पहिला डाव फसला. नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजारात आलेल्या स्टीम मशिन या खोक्यांवर डेबियनवर आधारलेली स्टीमओएस होती, पण मोठे खेळ नव्हते. खेळ बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी अपेक्षा होती. थोड्याशा ग्राहकांसाठी तो खर्च करायला बहुतेक कंपन्या तयार नव्हत्या. लोकीच्या वेळची चूक नव्या रूपात पुन्हा घडली.

मग व्हॉल्व्ह वाइनकडे वळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन हे ग्राफिक्सचं खुलं प्रमाण आलं होतं. ते हार्डवेअरच्या इतकं जवळचं की डायरेक्टएक्समधल्या डायरेक्ट३डीचे आदेश त्यात फार वेग न गमावता उतरवता येतात. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'नीअर: ऑटोमॅटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यानं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. डायरेक्ट३डी ११ चे आदेश व्हल्कनमध्ये बदलणारा हा थर इतका चांगला निघाला की २०१८ मध्ये व्हॉल्व्हनं त्याला या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन आलं. सुरुवातीला अधिकृत यादीत खेळ होते फक्त २७. पण आता खेळ बनवणाऱ्याला काहीच करायची गरज नव्हती, आणि चक्र तुटलं ते इथे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आर्चवर आधारलेल्या नव्या स्टीमओएससह व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक लोकांना मिळू लागला. त्याच महिन्यात आलेला 'एल्डन रिंग' विंडोजवर मध्येच अडखळत असताना व्हॉल्व्हनं प्रोटॉनमध्ये दुरुस्ती करून डेकवर तो जास्त सुरळीत चालवला. खेळांची गरज थेट कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातही शिरली. अनेक गोष्टींची एकदम वाट पाहण्याची विंडोजची पद्धत लिनक्समध्ये नव्हती; ती उणीव भरून काढणारा नवा आदेश ५.१६ या कर्नेलमध्ये आला, आणि त्याच कामासाठीचा एनटीसिंक हा ड्रायव्हर २०२५ मध्ये ६.१४ मध्ये वापरायला तयार झाला.

उलट्या दिशेनंही प्रवास चालू होता. २०१३ मध्ये आलेला डॉकर लिनक्स कर्नेलच्याच सोयींवर चालतो, बरेचसे सर्व्हर लिनक्सवर, आणि प्रोग्रॅमर लिनक्सकडे किंवा मॅककडे सरकत होते. तेव्हा मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय आणली. प्रोग्रॅमर टिकावेत म्हणून विंडोजनं लिनक्स आत घेतलं आणि दोन वर्षांनी खेळणारे यावेत म्हणून लिनक्सनं विंडोजचे खेळ आत घेतले. दुसरं पार्टिशन दोन्ही बाजूंनी अनावश्यक होत गेलं.

आज डिस्ट्रो निवडताना नावापेक्षा हा इतिहास उपयोगी पडतो. एएमडीनं २००७ पासून आपल्या कार्डांची माहिती खुली करायला सुरुवात केली, त्यामुळे तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो. नव्या कार्डाला नवं कर्नेल लवकर देणारी फेडोरा किंवा आर्चच्या घराण्यातली डिस्ट्रो इथे बरी. एनव्हिडियानं कर्नेलमधला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, पण बाकीचा ड्रायव्हर अजून बंद आहे, म्हणून तो स्वतःहून बसवून देणारी पॉप ओएस किंवा बझाइट सोयीची. डेबियनची स्थिर आवृत्ती सर्व्हरला अप्रतिम, पण नव्या खेळांना ती मागे पडते. आणि सोपी म्हणून नावाजलेली डिस्ट्रोही डोळे मिटून वापरू नये: नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरनं पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतलं, पॅकेजमधल्या गोंधळामुळे यंत्रणा अख्खा डेस्कटॉपच काढून टाकणार असल्याची सूचना आली, ती ओलांडून त्यानं होकार टाइप केला आणि डेस्कटॉप खरोखर गेला. टर्मिनलवरची सूचना शेवटपर्यंत वाचणं ही या जगातली पहिली सवय.

एक भिंत मात्र उभी आहे. ऑनलाइन स्पर्धेच्या खेळांत लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर कर्नेलपर्यंत पोचू पाहतं. भारतात लोकप्रिय असलेला 'व्हॅलोरंट' त्यामुळे लिनक्सवर चालत नाही, आणि आधी चालत असलेल्या 'एपेक्स लेजंड्स'नं २०२४ च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सला दार बंद केलं. ही अडचण कुठल्याही डिस्ट्रोनं सुटत नाही. निर्णय खेळाच्या मालकाच्या हाती आहे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट संगणक घराघरांत आहेत. ज्यांच्याकडे असा संगणक आहे, त्यांनी तो भंगारात देण्याआधी आपल्या खेळांची यादी करावी, त्यातला प्रत्येक खेळ प्रोटॉनवर कसा चालतो हे तपासावं, मग डिस्ट्रो पेन ड्राइव्हवर घेऊन काही न बसवता वाय-फाय, आवाज आणि ग्राफिक्स पाहावेत. एवढं जमलं आणि 'व्हॅलोरंट' यादीत नसेल, तर संपूर्ण हार्ड डिस्क लिनक्सला द्यायला हरकत नाही.