दहा रुपयांचा दंड आणि फर्ग्युसनमधील एक खोली

१/ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात एक खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. २८ मे रोजी ती लोकांसाठी उघडली जाते आणि तेथील तसबिरीला हार घातला जातो. तसबीर विनायक दामोदर सावरकरांची आहे. याच वसतिगृहातून १९०५ साली महाविद्यालयाने त्यांना बाहेर काढले होते.

२/ बंगालच्या फाळणीविरुद्ध उठलेली स्वदेशी-बहिष्काराची लाट त्या वर्षी पुण्यात पोहोचली. ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांनी विदेशी कापड गोळा केले, मिरवणुकीने लकडी पुलापलीकडे नेले आणि त्याची होळी केली. लोकमान्य टिळक व 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे तेथे बोलले. पुढाकार बी.ए.च्या वर्गातील सावरकरांचा होता.

३/ प्राचार्य होते शिवरामपंतांचेच आडनावबंधू, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले हे पहिले भारतीय, गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतले. विद्यार्थ्यांनी राजकारणात उतरणे त्यांना मान्य नव्हते. सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले.

४/ टिळकांनी 'केसरी'तून या शिक्षेवर कठोर टीका केली. हा वाद घरातलाच होता. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्यांत टिळक होते. १८९० मध्ये मतभेदांमुळे ते बाहेर पडले. राष्ट्रासाठी काढलेल्या, पण गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव घेतलेल्या आणि सरकारी अनुदान स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाने विद्यार्थ्याला किती मोकळीक द्यावी, हा खरा प्रश्न होता.

५/ सावरकर बी.ए. होऊन १९०६ साली लंडनला गेले. तेथे परीक्षा उत्तीर्ण होऊनही 'ग्रेज इन'ने त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. पुढे अंदमान आले. १९५९ मध्ये मात्र पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली.

६/ दंड करणारे परांजपेही फर्ग्युसनचेच माजी विद्यार्थी होते. सावरकरांच्या उत्तरायुष्यातील विचारांवरचे वाद आजही शमलेले नाहीत. परंतु या खोलीपुरते एवढे निश्चित म्हणता येते : केवळ हार पाहणाऱ्याला वाटेल की संस्था आरंभापासून त्यांच्या पाठीशी होती, आणि केवळ दंड आठवणाऱ्याला प्राचार्य इंग्रजांचे हस्तक वाटतील. १९०५ चे पुणे या दोन्हींहून गुंतागुंतीचे होते. तेथे देशाचे भले चिंतणारी माणसेच त्याच्या मार्गावरून एकमेकांशी भांडत होती.