फिस्क ते नागसेनवन : माजी विद्यार्थ्यांचे ऋण

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या माजी विद्यार्थी संघटनांचे वार्षिक अहवाल चाळले तर त्यांत फारसा फरक आढळत नाही. वर्षातून एक स्नेहमेळावा, निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार, गुणवंतांना पारितोषिके, एखादे रक्तदान शिबिर आणि शेवटी 'आगामी संकल्प' या मथळ्याखाली सभागृहाची किंवा प्रवेशद्वाराची योजना. नॅकच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक निकष झाल्यापासून तर कित्येक संघटना केवळ कागदावर नोंदल्या गेल्या आहेत. ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांचे शिक्षण आहे त्यांना एवढे पुरेसे वाटत असेल. त्यांच्या लेखी महाविद्यालय ही तारुण्यातली एक रम्य आठवण असते आणि आठवणींना उजाळा देण्यासाठी वर्षातला एक दिवस पुरतो. पण ज्याचे आईबाप शाळेची पायरी चढू शकले नाहीत, जो गावात पदवी घेणारा पहिलाच ठरला, त्याने 'माजी विद्यार्थी' या शब्दाचा काय अर्थ लावायचा? त्याच्यावर ऋण कोणाचे, आणि ते त्याने कोणाला फेडायचे?

हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला याचा इतिहास आपल्या चळवळीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. आपण त्यांच्या साहित्याविषयी पुष्कळ बोललो, ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली. मात्र त्यांच्या शिक्षणसंस्थांचा इतिहास आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे जानेवारी १८६६ मध्ये फिस्क ही शाळा सुरू झाली. अमेरिकेच्या घटनेने गुलामगिरी रद्द केली त्याला तेव्हा अवघे काही आठवडे झाले होते. यादवी युद्धात लष्कराने वापरलेल्या इस्पितळाच्या बराकींत वर्ग भरू लागले. काल-परवापर्यंत ज्यांना अक्षर शिकवणे दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हा होता ती माणसे, मुले आणि म्हातारी, एकाच बाकावर बसून बाराखडी गिरवू लागली. पाच वर्षांत ही संस्था कर्जात बुडाली आणि बंद पडण्याच्या बेतात आली. तेव्हा संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचे गायकपथक घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नॅशव्हिल सोडले. या नऊ जणांतील बहुतेक जन्माने गुलाम होते. वाटेत अनेक ठिकाणी त्यांना उतरायला जागा नाकारली गेली. सुरुवातीची मिळकत गाडीभाड्याला आणि जेवणालाही पुरेना. पुढे या मुलांनी आपल्या आईबापांची, शेतावर राबताना गायिलेली दास्यातील गाणी लोकांपुढे मांडली, आणि श्रोते स्तब्ध झाले. बायबलात गुलामांच्या मुक्तीच्या वर्षाला 'ज्युबिली' म्हणतात. त्यावरून हे पथक 'ज्युबिली सिंगर्स' म्हणून ओळखले जाऊ लागले. १८७३ मध्ये ते इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियापुढे गायिले. त्यांनी जमवलेल्या पैशातून संस्थेचे कर्ज फिटले, नवी जमीन घेतली गेली आणि १८७६ मध्ये 'ज्युबिली हॉल' ही भव्य इमारत उभी राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या गाण्यांची त्या मुलांना स्वतःलाच लाज वाटत होती, जी त्यांना गुलामीची खूण वाटत होती, त्याच गाण्यांनी विद्यापीठ वाचवले. वाड्याच्या देणगीतून नव्हे, तर झोपडीच्या ठेव्यातून ही इमारत उभी राहिली. म्हणून फिस्कमध्ये दरवर्षी ६ ऑक्टोबर हा 'ज्युबिली दिन' म्हणून पाळला जातो आणि त्या पहिल्या गायकांच्या थडग्यांना विद्यार्थी भेट देतात. वार्षिक कार्यक्रम हाही आहे. पण त्यात सत्कार जिवंत प्रतिष्ठितांचा नसतो; संस्था कोणाच्या कष्टावर उभी आहे याची आठवण नव्या विद्यार्थ्याला करून दिली जाते.

याच फिस्कचा सर्वांत नामवंत माजी विद्यार्थी म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस. १८८८ मध्ये त्यांनी तेथून पदवी घेतली. विद्यार्थी असताना उन्हाळ्याच्या सुटीत ते टेनेसीच्या खेड्यापाड्यांत जाऊन मुक्त गुलामांच्या मुलांना शिकवीत. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १८९५ मध्ये पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. अशा माजी विद्यार्थ्याला १९२४ च्या जूनमध्ये फिस्कच्या पदवीदान समारंभाच्या वेळी भाषणाला बोलावले गेले. त्यांची मुलगी त्याच वर्षी तेथून पदवीधर होत होती. प्रसंग कौतुकाचा होता. संस्थेचे गोरे अध्यक्ष फेएट मॅकेंझी यांनी मोठ्या भांडवलदारी प्रतिष्ठानांकडून दहा लाख डॉलरचा निधी मिळवत आणला होता. पण त्या निधीची किंमत विद्यार्थी मोजत होते. विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद, विद्यार्थी मंडळ नाही, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची शाखा काढायला मनाई, पोशाखावर आणि मुलामुलींच्या बोलण्यावर जाचक बंधने. दक्षिणेतील गोऱ्यांना रुचेल असा नम्र, मुका पदवीधर घडवणे हा त्या शिस्तीचा हेतू होता.

ड्युबॉइस यांनी कौतुकाचे चार शब्द बोलून परतणे सर्वांनाच सोयीचे होते. त्यांनी तसे केले नाही. अध्यक्षांच्या समक्ष त्यांनी या कारभाराचे वाभाडे काढले. एवढ्यावर न थांबता विद्यार्थ्यांचे बंद पडलेले 'फिस्क हेराल्ड' त्यांनी न्यूयॉर्कमधून पुन्हा काढले आणि ठिकठिकाणच्या माजी विद्यार्थ्यांना जागे केले. सर्वच माजी विद्यार्थी त्यांच्या बाजूला नव्हते. हाती आलेला निधी जाईल, संस्थेची बदनामी होईल, या भीतीने काहीजण अध्यक्षांच्या मागे उभे राहिले. फेब्रुवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी उठाव केला. अध्यक्षांनी वसतिगृहात गोरे पोलीस घुसवले, विद्यार्थ्यांना अटक करवली. त्यावर विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, आणि एप्रिलमध्ये मॅकेंझी यांना राजीनामा द्यावा लागला. फिस्कला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळायला १९४६ साल उजाडले. त्या वर्षी चार्ल्स जॉन्सन यांची निवड झाली. परंतु १९२५ नंतर विद्यार्थ्यांना गप्प बसवणे तेथे पूर्वीइतके सोपे राहिले नाही.

फिस्कच्या या इतिहासात माजी विद्यार्थ्यांची दोन कर्तव्ये स्पष्ट दिसतात. एक, संस्था जगवणे. दुसरे, जगवलेली संस्था कोणासाठी चालते आहे हे विचारणे. पहिले कर्तव्य ज्युबिली सिंगर्सच्या परंपरेचे, दुसरे ड्युबॉइस यांच्या परंपरेचे. नुसती देणगी देऊन प्रश्न न विचारणारा माजी विद्यार्थी हा आश्रयदाता होतो. देणगीही नाही आणि प्रश्नही नाही, असा माजी विद्यार्थी हा केवळ पाहुणा असतो.

१९४६ हे साल आपल्याही दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. भारतातील अस्पृश्यही तसे पाऊल उचलण्याच्या विचारात आहेत असे कळवले होते. ड्युबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले.

बाबासाहेब स्वतः कोलंबिया विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होते. १९३० च्या डिसेंबरात, पहिल्या गोलमेज परिषदेच्या सुमारास, कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी तेथील सहाध्यायी आणि ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन या गुरूंविषयी कृतज्ञता व्यक्त केली आहे. १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पण ही कृतज्ञता त्यांनी कोठे फेडली? शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार १९१३ मध्ये त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, तर शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कोलंबियाच्या विद्वानाला जातीने बडोद्याबाहेर काढले. करारातले ऋण नोकरी करून फेडण्याची वाट समाजव्यवस्थेनेच बंद केली. मग ते ऋण त्यांनी खाली, आपल्या मागून येणाऱ्यांना फेडले. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, तिने सोलापुरात चालवलेले वसतिगृह, ८ जुलै १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झालेले आणि पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय, ही सारी एका माजी विद्यार्थ्याची परतफेड आहे.

औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नागसेनवनात या परतफेडीला फळे आली. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात खेड्यांतून अनवाणी आलेल्या मुलांना वसतिगृह मिळाले, ग्रंथालय मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकात विद्यार्थ्यांनी भूमिका केल्या. पुढे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेतून कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन परतले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' येथूनच वाढला. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाशिवाय दलित पँथरचा इतिहास लिहिता येत नाही. या पिढीने 'माजी विद्यार्थी संघ' अशी पाटी लावली नसेल, पण काम तेच केले.

त्याच पिढीने नामांतराचा लढा उभा केला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला, आणि मराठवाडाभर दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तोपर्यंत साडेपंधरा वर्षे लोटली होती. ज्यांची घरे जळाली त्यांतील बहुसंख्य भूमिहीन मजूर होते. ते त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते, होण्याची शक्यताही नव्हती. त्यांच्या नावावर पदवी नव्हती, पण विद्यापीठाच्या नावाची किंमत त्यांनी मोजली. आज त्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर बाबासाहेबांचे नाव वाचणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याचा सावकार तो मजूर आहे. हे ऋण स्नेहमेळाव्यात फिटणारे नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्यांनी आपली निराशा केली, अशी व्यथा बाबासाहेबांनी बोलून दाखवल्याचे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. सांगणारा बहुधा शिकलेलाच असतो, आणि टाळ्या वाजवणारेही. म्हणून ही व्यथा पुन्हा उच्चारण्यापेक्षा तिचे वार्षिक कार्यक्रमात रूपांतर करणे अगत्याचे आहे. आमच्या मते आपल्या संघटनांनी पुढील कामे हाती घ्यावीत.

पहिले काम फिरत्या निधीचे. भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. २०२० च्या निर्णयानुसार तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. पण प्रवेश जूनमध्ये होतो आणि पैसे कधी येतील याचा नेम नसतो. या मधल्या महिन्यांतच मुलगा गावी परत जातो. खानावळीचे, खोलीचे पैसे संघटनेने उसने द्यावेत. शिष्यवृत्ती आली की ते परत यावेत आणि पुढच्याला मिळावेत. मोठ्या देणगीची यात गरज नाही, चोख हिशेबाची आहे.

दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. दरवर्षी किती मुले आली, किती मधूनच गेली, प्राध्यापकांच्या किती राखीव जागा रिकाम्या राहिल्या, वसतिगृहाची अवस्था काय, एवढी माहिती मागून ती छापावी. संस्था आपली असली तरी मागावी. आपली असेल तर अधिकच मागावी. ड्युबॉइस यांनी आपल्याच संस्थेला जाब विचारला होता.

तिसरे, सभासदत्वाचे. पदवी मिळाली तोच माजी विद्यार्थी, ही व्याख्या आपल्याला चालणार नाही. नापास झालेला, भावाच्या शिक्षणासाठी मिलमध्ये गेलेला, आंदोलनात वर्ष वाया गेलेला, हे सारे माजी विद्यार्थी आहेत. आणि मुलींचे काय? लग्नानंतर नाव आणि गाव बदलते आणि आपल्या वह्यांतून त्या गळतात. कार्यकारिणीत स्त्रिया नाहीत याचे एक कारण त्यांचा पत्ताच कोणी शोधला नाही, हेही आहे. त्यांच्या माहेरच्या नावाने नोंदी लावून शोध सुरू करावा.

चौथे, दप्तर जपण्याचे. जुने वार्षिकांक, वसतिगृहाच्या नोंदवह्या, मोर्च्यांची पत्रके, छायाचित्रे वाळवीच्या तोंडी चालली आहेत. पहिल्या पिढीतील माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवणे हे काम उद्यावर टाकता येणार नाही.

यात सभागृह नाही, प्रवेशद्वार नाही. ते ज्यांना बांधायचे त्यांनी जरूर बांधावे. पण वर्षअखेरीस अहवाल लिहिताना चिटणिसांनी पहिल्या पानावर एकच नोंद करावी : आपल्यामुळे या वर्षी किती मुलामुलींचे शिक्षण सुटता सुटता टिकले. हा आकडा एक असला तरी तो लिहावा. शून्य असेल तर तोही लिहावा, आणि त्या वर्षीचा मेळावा रद्द करून त्याचा खर्च फिरत्या निधीत जमा करावा.